रफूचं पान

१

चिंगमिंगच्या दिवशी सकाळी, हानमेईच्या थडग्यापुढे, सगळ्या भावकीसमोर मी डबा उघडला आणि आतला चहा तिच्या हातचा नव्हता.

हानमेई माझी बायको. ती गेली त्याला वर्षही झालं नव्हतं. पितरांची थडगी झाडायचा हा सण तिच्या वाट्याला पहिल्यांदाच आला होता. खालच्या मैदानी गावांत या दिवसाच्या आधीच नवा चहा निघतो. आमच्या डोंगरावर थंडी उशिरा हटते, आमची लांब पानं त्यानंतरच्या पंधरवड्यात तयार होतात. म्हणून आम्ही आमच्या माणसांना थडग्यावर गेल्या वर्षीचाच चहा देतो. गेल्या वर्षीचा म्हणजे हानमेईनं केलेला शेवटचा. त्याचा एक डबा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात होता, तांबड्या दोऱ्यानं बांधलेला. तिचाच चहा तिला द्यायचा, असं मी हिवाळाभर मनात धरलं होतं. नववर्ष झाल्यावर घरात बोलूनही दाखवलं होतं.

ओळखायला मला चहा चाखावा लागला नाही. आमच्याकडे पान कढईत परतलं की एकेक सरळ करून जाळीवर मांडतात, वर फडकं घालतात आणि रूळ फिरवतात. फडक्याची वीण पानावर उमटते ती कायमची. हानमेईचं फडकं जुनं, बारीक विणीचं. कोपऱ्यात फाटलं होतं, तिथे तिनं जाड दोऱ्यानं रफू केलं होतं. रफूखाली आलेल्या पानावर माशाच्या काट्यासारखी खूण यायची. तिच्या प्रत्येक डब्यात अशी थोडी पानं असायचीच. बाजारात लोक हसायचे, "थाओची बायको चहाला टाके घालते."

या डब्यात एकाही पानावर काटा नव्हता. वीण जाड होती, चौकटीची. ते फडकं माझ्या सुनेचं, मूयुनचं. आणि डब्यावरची दोऱ्याची गाठ मात्र हुबेहूब हानमेईची. ती गाठ हानमेईनं घरात एकाच बाईला शिकवली होती.

"हा डबा तू भरलास?" मी विचारलं.

"हो, बाबा."

"मग आईचा चहा कुठे गेला?"

मूयुननं थडग्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. माझी नात तिच्या कडेवर होती, तिनं आईच्या कानातलं ओढलं. मूयुननं तिचा हात हळूच सोडवला.

मागून माझा चुलतभाऊ म्हणाला, "काय रे, झालं काय?"

मी मागे वळलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "घरात चोर आहे. मेलेल्या सासूचा चहा विकून खाल्ला हिनं."

दुपारच्या लाँचनं ती मुलीला घेऊन निघून गेली. तिचं माहेर लांब, दुसऱ्या प्रांतात. माझा मुलगा च्युन तिला धक्क्यापर्यंत सोडून परत आला. तो वूहूला कारखान्यात असतो, सणाला म्हणून आला होता.

"ती रडली नाही, बाबा," तो म्हणाला. "म्हणून मला भीती वाटते. तिनं विकला असेल तर मला कळू दे. नसेल विकला तर तुम्हाला कळू दे. तोवर मी तिला परत बोलावणार नाही आणि इथे राहणारही नाही."

आणि माझ्याशी आणखी काही न बोलता तो शाओताईंकडे गेला.

२

शाओताई पूर्वी खालच्या पोलीस चौकीत होत्या. आता तलावाकाठी बदकं पाळतात. गावात त्यांची एक गोष्ट प्रसिद्ध आहे, त्या चहा पीत नाहीत. पोटाच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी बंद केला. चहाच्या डोंगरावर राहून ही बाई गरम पाण्याची बाटली घेऊन फिरते, म्हणून लोक त्यांना 'कोरं पाणी' म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि त्या हसतात.

त्या आल्या तेव्हा मी अंगणात थर्मासातून चहा पीत होतो. स्वतःच केलेला, कडू.

"काचेचा पेला नाही का घरात?" त्यांनी विचारलं. "तुम्ही लोक तर पानं पेल्यात उभी राहिलेली बघितल्याशिवाय घोट घेत नाही."

"हानमेई गेल्यापासून पेले कपाटात आहेत. मला ती पानं बघवत नाहीत."

"हं. आणि चहा कोण करायचं?"

"मूयुन. सकाळी थर्मास भरून ठेवायची."

"चांगला करायची?"

"हानमेईच्या चहाची सर कुठून येणार?"

"हे तिला सांगायचास?"

च्युन ओट्यावर बसला होता. तो म्हणाला, "रोज सांगायचे, ताई. एकदा थर्मास अंगणात फेकला होता. तो खळगा दिसतोय ना त्यावर, तो तेव्हाचा."

शाओताईंनी थर्मास हातात घेऊन खळगा पाहिला. "हे कधी?"

"आई गेल्यावर लगेच. गावजेवण झालं त्या आठवड्यात."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर काय," मी म्हणालो. "दुसऱ्या दिवसापासून दाराशी उभी राहायला लागली, मी पहिला घोट घेईपर्यंत. 'आज कसा आहे, बाबा?' म्हणून विचारायची."

"तू काय म्हणायचास?"

"गवताचं पाणी."

शाओताईंनी आपल्या बाटलीतलं पाणी प्यायलं. मग आत जाऊन फ्रीज उघडून पाहिला, खालचा कप्पा पाहिला, फळीवरचा माझा रोजचा चहाचा डबा पाहिला. त्यावर निळे मासे रंगवलेले आहेत.

"हा नवा दिसतो."

"जुना तिच्याबरोबर शवपेटीत ठेवला. तिच्या हातातलाच होता तो. हा च्युननं नंतर वूहूहून आणला."

"पाहुण्यांना यातलाच देता?"

"नाही. पाहुण्यांचा डबा वेगळा. हा माझा एकट्याचा."

त्यांनी डबा जागेवर ठेवला. उंबऱ्यावर थांबून विचारलं, "तांबड्या दोऱ्याचा डबा फ्रीजमध्ये कुणी ठेवला? तू?"

"नाही. हानमेई अंथरुणाला खिळली होती तेव्हा तिनं तो मूयुनच्या हातात दिला. मला बाहेर जायला सांगितलं होतं. बायकांचं काही बोलायचं असेल."

"काय बोलल्या?"

"मला काय माहीत."

"माहीत नाही, की विचारलं नाहीस?"

३

पेइशेंग हानमेईचा धाकटा भाऊ. तालुक्याला त्याचं चहाचं दुकान आहे. मला त्याच्यावर पहिल्यापासून संशय होता, कारण त्या डब्यावर त्याचा डोळा होता हे मला ठाऊक होतं.

"या भाऊजी! पोलीस घेऊन आलात?" तो गल्ल्यामागून ओरडला. "जेवून तरी जा गुन्हेगाराच्या घरचं. आज बांबूचे कोंब आणि खारवलेलं मांस आहे."

"डबा तू घेतलास का?" मी विचारलं.

"मागितला होता. घेतला नाही. दोन्हींत फरक आहे, विचारा ताईंना." तो शाओताईंकडे वळला. "माझं एक म्हातारं गिऱ्हाईक आहे, ते फक्त आमच्या ताईच्या हातचा चहा पीत असे. ती गेल्याचं कळलं तेव्हा दुकानात बसून रडले. त्यांच्यासाठी मी हिवाळ्याच्या तोंडावर वर गेलो. भाऊजी रानात होते. त्यांच्या सुनेनं मला उंबऱ्यावरूनच परतवून लावलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, 'मामा, हा डबा विकायचा नाही. तो ज्याचा आहे त्यालाच मिळणार.'"

"म्हणजे हानमेईला," मी म्हणालो. "थडग्यावर. बघा, तेव्हा तिला हे माहीत होतं, आणि तरी—"

शाओताईंनी हात वर केला. "नंतर परत मागितलास?"

"परत कशाला मागू? एकदा नाक कापून घेतलं ते पुरे. नववर्षाला गेलो, तर दुसऱ्यांदा कापलं. भाऊजींच्या थर्मासातून वाफ येतेय आणि माझ्यापुढे कोरं पाणी! मी म्हटलं, मूयुन, मी काय शाओताई आहे? तर म्हणे पाहुण्यांचा चहा संपलाय, आणि हा डबा बाबांचा आहे, यातून कुणालाच नाही."

माझे कान तापले. नववर्षाला बायकोच्या भावाला कोरं पाणी! तेव्हा मी शेजारच्या खोलीत होतो, मला कुणी सांगितलं नव्हतं.

"ही पोरगी असलीच आहे," मी म्हणालो.

"तुझ्या ताईचा चहा बाजारात आला असता तर तुला कळलं असतं?" शाओताईंनी पेइशेंगला विचारलं.

"काट्याचा चहा? ताई, कुणी एक पान विकलं असतं तरी संध्याकाळपर्यंत माझ्या दारात कुणीतरी सांगायला आलं असतं. मी स्वतः हिवाळाभर विचारत होतो. आलाच नाही. एक पानसुद्धा नाही."

परतीच्या लाँचमधून धक्क्यावर उतरताना शाओताई म्हणाल्या, "विकलेला नाही. मग डोंगरावरच आहे, नाहीतर संपलेला आहे."

४

म्हातारा निंग माझा शेजारी. त्याच्या अंगणाला आणि माझ्या अंगणाला एकच भिंत. नववर्षाच्या आधी, बाराव्या महिन्यात आमचा फ्रीज बंद पडला होता, तेव्हा तो डबा दुरुस्ती होईपर्यंत निंगकडे होता. हे मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं आणि मी तडक भिंतीपाशी गेलो.

"निंग! माझ्या बायकोचा डबा तुझ्याकडे होता?"

"होता. आणि परतही गेला. ओरडू नकोस, कोंबड्या अंडी द्यायच्या थांबतात."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस?" तो भिंतीवर कोपर टेकून उभा राहिला. शाओताई पाठोपाठ आल्या तेव्हा त्याचा आवाज उतरला. "ताई, खरं सांगतो. सुनेनं डबा दिला तेव्हा मला वाटलं, रिकामाच डबा थंड करायला आणलाय. इतका हलका. हलवला तर आत चिमणीनं पंख झाडावा तसा आवाज."

"उघडलास?"

"मेलेल्या बाईची गाठ कोण सोडेल? मी घाबरट माणूस आहे."

"मग थडग्यावर का बोलला नाहीस?" मी विचारलं. "तू तिथेच होतास."

"बोललो असतो तर तू म्हणाला असतास, निंगनं खाल्ला. त्या दिवशी तू कुणालाही चोर म्हणाला असतास, थाओ. ती पोरगी समोर होती म्हणून तिचा नंबर लागला."

म्हणजे बाराव्या महिन्याच्या आधीच डबा जवळजवळ रिकामा झाला होता, आणि तेव्हा तो मूयुनच्या ताब्यात होता. माझं बरोबर ठरत होतं. मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण त्या क्षणी मला खरोखर बरं वाटलं.

"बघा, शेवटी तीच," मी म्हणालो.

"तिनंच काढला, यात शंका कुणालाच नव्हती," शाओताई म्हणाल्या. "भरला मीच, हे तिनं तुला पहिल्याच प्रश्नाला सांगितलं. खोटं बोलायचं असतं तर तिथेच बोलली असती. प्रश्न एवढाच आहे की तो चहा गेला कुठे." त्या माझ्या घराकडे वळल्या. "थाओभाऊ, मला एक सूप दे. धान्य पाखडायचं, मोठं."

५

त्यांनी सूप अंगणातल्या मेजावर ठेवलं. आत जाऊन माझा निळ्या माशांचा डबा आणला. च्युन जवळ येऊन उभा राहिला. निंग भिंतीवरून बघत होता, त्याला कुणी हाकललं नाही.

डब्यात थोडा चहा शिल्लक होता. शाओताईंनी तो हळू ओतला. लांब पानं, वीण जाड, चौकटीची. मूयुनचीच. मग त्यांनी तळाशी घातलेला कागद नखानं उचलला, डबा उपडा करून बुडावर थोपटलं. कागदाखाली गेलेला चुरा सुपात पडला. आमचं पान लांब आणि ठिसूळ असतं, मोडून तळाशी चुरा राहतोच.

"माझे डोळे अधू आहेत," त्या म्हणाल्या. "तू बघ."

मी बोटानं चुरा पसरला. वीण बारीक होती. मी आणखी पसरला. पानाचा एक तुकडा, नखाएवढा. त्यावर मधला कणा आणि दोन्ही बाजूंना तिरके टाके.

माशाचा काटा.

"हा डबा कधी आणला?" शाओताईंनी विचारलं. त्यांना ठाऊक होतं. त्यांना ते माझ्या तोंडून हवं होतं.

"हानमेई गेल्यावर."

"यातून कोण पितं?"

मी तो तुकडा तळहातावर घेतला.

"थर्मास फेकलास त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती दाराशी उभी राहायला लागली. 'आज कसा आहे' विचारायला लागली. मामाला डबा दिला नाही, म्हणाली ज्याचा आहे त्यालाच मिळणार. नववर्षाला उरलेला चहा तुझ्या डब्यात होता, त्यातला घोटभरही तिनं पाहुण्याला दिला नाही, स्वतःची बदनामी करून घेतली. मग तू म्हणालास, डबा थडग्यावर नेणार. तेव्हा तो रिकामा होता. तिनं आपल्या हातचा चहा त्यात भरला आणि सासूनं शिकवलेली गाठ मारली. थाओभाऊ, हानमेईचा चहा कुणी चोरला नाही. तू प्यायलास. हिवाळाभर."

"शक्य नाही," मी म्हणालो. "मला कळलं असतं. तिचा चहा मी डोळे बांधून ओळखला असता."

"डोळे बांधलेलेच होते. पेले कपाटात होते." त्यांचा आवाज कडक नव्हता. "जिभेचं मला विचारू नकोस, मी चहा पीत नाही. पण इथलं पोरही म्हणतं, चहा नवा आणि दारू जुनी. जुना होता, चव उतरली असेल. किंवा तुझ्याच तोंडाची चव गेली असेल. माणूस गेल्यावर जाते. नवरा गेला तेव्हा मला मिरचीसुद्धा लागत नव्हती."

"मग तिनं सांगितलं का नाही?" च्युनचा आवाज फाटला. "थडग्यावर एक वाक्य बोलली असती—"

"कुठलं वाक्य?" भिंतीवरून निंग म्हणाला. "की पिढ्यान्‌पिढ्या चहा करणाऱ्या घरातल्या माणसाला बायकोच्या हातचा चहा ओळखता आला नाही? त्याला तो गवताचं पाणी म्हणाला? भावकीसमोर? तिनं सासऱ्याची अब्रू झाकली रे, आणि सासऱ्यानं तिची काढली."

निंगला मी आयुष्यात इतकं नीट बोलताना ऐकलं नव्हतं. मी सुपाकडे बघत राहिलो. रोज सकाळी ती दाराशी उभी असायची, एका हातानं चौकट धरून. 'आज कसा आहे, बाबा?' आणि मी तोंड पुसून म्हणायचो, गवताचं पाणी.

शाओताई उठल्या. "जे म्हणालास ते कुठे म्हणालास?"

"थडग्यापुढे."

"कुणासमोर?"

"भावकीसमोर."

"मग ते परत घ्यायची जागाही तीच आणि माणसंही तीच. मला बदकांना दाणे घालायचेत." आणि त्या गेल्या.

६

च्युननं फोन लावून माझ्या हातात दिला आणि तो गोठ्यामागे निघून गेला.

"बाबा?" मूयुन म्हणाली. पलीकडे कोंबडा आरवत होता, माझी नात कुणाशी तरी भांडत होती.

"डब्याच्या तळाशी काट्याचं पान सापडलं," मी म्हणालो. "निळ्या माशांच्या."

ती म्हणाली, "मी तळ झाडला होता. कागदाखाली गेलं असेल."

"का केलंस असं?"

"मी नाही केलं, बाबा. आईंनी सांगितलं होतं. डबा हातात दिला तेव्हा म्हणाल्या, 'हा त्यांना पाज. पण सांगू नकोस. सांगितलंस तर पिणार नाहीत, डबा उराशी धरून बसतील आणि चहा वाया जाईल. चहा प्यायचा असतो.' मी आधी काढलाच नव्हता. माझ्या हातचा तुम्हाला आवडत नाही, थर्मास फेकलात, मग काढला."

"आणि मी ओळखला नाही."

"मला रोज वाटायचं, आज ओळखतील. तुम्ही ओळखला असता तर सांगून टाकलं असतं. तुम्ही ओळखल्यावरही सांगू नको, असं आईंनी म्हटलं नव्हतं."

"थडग्यावर तरी बोलायचंस. मी तुला चोर म्हणालो, मूयुन."

"तिथे आई होत्या ना," ती म्हणाली. "त्यांच्यासमोर त्यांचाच शब्द कसा मोडू?"

एकच शब्द म्हणायचा होता. माझे वडील कधी सुनेला असं काही म्हणाले नव्हते, त्यांचे वडीलही नाही. मला तो कसा म्हणतात हे माहीत नव्हतं, असं सांगणंही खोटंच. माहीत होतं. जीभ उचलली नाही.

"पानं फुटायला लागलीत," मी म्हणालो. "पुढच्या पंधरवड्यात खुडायला येतील."

"माझं फडकं उन्हात घातलंत का? दमट राहिलं की पानांना वास लागतो."

"घालतो."

"आईंचंही घाला," ती म्हणाली. मग नातीला कुणीतरी रडवलं आणि तिनं फोन ठेवला.

दोन्ही फडकी मी धुऊन दोरीवर टाकली आहेत. कपाटातला एक काचेचा पेला काढून पुसून ठेवला आहे. काट्याचा तो तुकडा कागदात बांधून हानमेईच्या थडग्यावर नेला, पण पेला नेला नाही, कारण तिथे ओतायला तिच्या हातचं आता काही नाही आणि मूयुनच्या हातचं ओतायचा हक्क मला नाही. च्युन कामावर परत गेला, जाताना पाया पडला नाही. पेइशेंगला मी सगळं सांगितलं, निंगला सांगायची गरज नव्हती. भावकीला अजून सांगितलेलं नाही. ते आजही मूयुनला चोर समजतात, आणि वाटेत भेटले की मला दिलासा देतात.

मूयुनला मी अजून 'चुकलो' म्हटलेलं नाही.